फायर तपासणीची तयारी: आधी पंपरूम, मग बाकी सगळं

सरकारी इमारतीच्या तपासणीचं पत्र आलं की फाइल उघडू नका, पंपरूम उघडा, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचे पंप असतात ती खोली. पॅनलवरचा सिलेक्टर स्विच 'ऑटो'वर, म्हणजे पंप आपोआप चालू होईल असा आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. गेल्या वेळी आमचं इथंच चुकलं. कागद पूर्ण होते, स्विच 'ऑफ'वर होता. हायड्रंट (आगीच्या पाइपलाइनचा नळ) उघडल्यावर पाइपातलं साठलेलं पाणी आलं आणि धार तुटली.

तो ऑफ का होतो, हे समजून घ्या. लाइनीत गळती असली की प्रेशर उतरत राहतं आणि जॉकी पंप (लाइनीतलं प्रेशर टिकवणारा छोटा पंप) रात्रभर चालू-बंद होतो. मग आवाजाला वैतागून कुणीतरी स्विच फिरवतं. त्यामुळे नुसतं ऑटोवर करून भागत नाही, आधी गळती काढा. पंपाची ग्लँड (दांड्याभोवतीचं सील), नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारा), मजल्यांवरच्या व्हॉल्व्हचे वॉशर बघा. मग सर्वांत वरचा हायड्रंट उघडायला लावा. पॅनलला हात न लावता आधी जॉकी आणि मग मुख्य पंप चालू झाला पाहिजे. वर साडेतीन किलो प्रेशर मिळायला हवं. मुख्य पंप हातानेच बंद करायचा असतो. बऱ्याच पॅनलवर त्यासाठी स्विच ऑफवर न्यावा लागतो आणि तो तसाच राहतो. चाचणी झाली की परत ऑटो. वीज गेल्यावर लागणाऱ्या डिझेल पंपाची बॅटरी त्याच फेरीत तपासा.

होज बॉक्समध्ये पंधरा मीटरचे दोन होज (हायड्रंटला जोडायचे गुंडाळलेले पाइप) आणि नोझल असतं. नोझल पितळेचं असेल तर चोरीला जातं, म्हणून पेटी उघडूनच बघा. होज पूर्ण उलगडा. उंदरांनी कुरतडलेलं घडीत दिसत नाही.

आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात हवा. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडरला काटा नसतो, त्याचं वजन करा. साडेचार किलोच्या सिलिंडरात साडेचारशे ग्रॅमहून जास्त घट असेल तर रिफिल.

जिन्यातली मोडकी कपाटं आणि जुने संगणक आदल्या दिवशी हलत नाहीत. निर्लेखनाचा (निकामी सामान नोंदीतून काढण्याचा) प्रस्ताव, समिती, आदेश यात महिने जातात, तेव्हा आत्ताच टिपणी टाका. तोवर सामान खोलीत न्या, पण विजेच्या पॅनलच्या खोलीत गठ्ठे नकोत. मंत्रालयात 21 जून 2012 ला चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पोचली होती. कागद आणि लाकडी फर्निचर असलेल्या कार्यालयात आगीला खाद्य कमी पडत नाही. मागच्या जिन्याचं कुलूप कामाच्या वेळेत काढलेलंच हवं.

बी फॉर्म, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, जानेवारी आणि जुलै, दोन्हींचा हवा. तो देणाऱ्या एजन्सीच्या परवान्याची मुदत बघा. मॉक ड्रिलची नोंद, दिशाफलक, अलार्म हेही बघा.

तपासणीच्या सकाळी, अधिकारी यायच्या आधी, परत पंपरूम. स्विच ऑटोवर.