मुरुमांवर उपाय : आधी कॅलेंडर बघा, मग आरसा

सकाळी आरशात बघावं तर हनुवटीवर लालबुंद पुळी. पहिला प्रश्न ठरलेला : काल काय खाल्लं? दुसरा : काल तोंड नीट धुतलं नव्हतं का? बिचाऱ्या कालच्या दिवसावर उगीच आळ येतो. त्या पुळीची सुरुवात कित्येक आठवड्यांपूर्वी झालेली असते, कधी कधी दोन महिन्यांपूर्वीही. केसाच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीचं तोंड मृत पेशींनी बुजतं, आत तेल कोंडतं, त्यावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे एरवीही त्वचेवर मुक्कामाला असणारे जिवाणू पोसले जातात, मग सूज येते. आपल्याला दिसतो तो या गोष्टीचा शेवटचा अंक.

मुरुमांबद्दलचे बहुतेक गैरसमज वेळेचा हा हिशेब चुकल्यामुळे झालेत, असं माझं मत आहे. तो हिशेब डोक्यात ठेवून पुढे काय करायचं, ते पायरीपायरीने बघू.

पायरी १ : मळ शोधणं थांबवा. ब्लॅकहेडचं काळं टोक म्हणजे घाण, असं समजून लोक नाक सोलवटून काढतात. तो काळेपणा मळाचा नसतो. छिद्रात अडकलेल्या पदार्थातलं मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, हवेशी संबंध येऊन गडद होतं, एवढंच. घासून ते निघत नाही, वरची त्वचा मात्र चिडते. सौम्य फेसवॉशने, बोटांनी, दिवसातून दोनदा तोंड धुवा. खूप घाम आला तर आणखी एकदा. धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटत असेल तर तो साबण तुमच्यासाठी कडक आहे.

पायरी २ : टूथपेस्ट दातांसाठी ठेवा. रात्री पुळीवर टूथपेस्ट लावली, दोन दिवसांत ती बसली, असं सांगणारे खोटं बोलत नसतात. पण पिकलेली पुळी आपोआपही काही दिवसांत बसतेच; श्रेय शेवटी जे लावलं त्याला मिळतं. लिंबाचा रस आणि खायचा सोडा यांचंही तेच. त्वचेचा पीएच (आम्लता मोजायचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा २च्या घरात आणि सोड्याचा ८च्या वर. एक इकडे ओढतो, दुसरा तिकडे. शिवाय लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे चट्टे पडू शकतात, आणि मुरूम गेल्यावरही ते चट्टे मागे राहतात.

पायरी ३ : एकच औषध निवडा आणि तारीख लिहा. सगळा लेख वाचायचा कंटाळा आला असेल तर निदान एवढं वाचा.

नुसते ब्लॅकहेड आणि बारीक पुटकुळ्या असतील तर २ टक्क्यांपर्यंतचं सॅलिसिलिक ॲसिड पुरतं. लाल, दुखऱ्या पुळ्यांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड. त्यात जास्त टक्के म्हणजे जास्त गुण, हाही एक गैरसमज, २.५ टक्क्यांचं जेल १० टक्क्यांच्या जवळपास तेवढंच काम करतं आणि आग कमी करतं. कपड्यांचा रंग मात्र ते बेमालूम उडवतं. माझ्या गडद निळ्या उशीच्या अभ्र्यावर गालाच्या आकाराचा फिकट डाग पडला, तेव्हा मी पांढरे अभ्रे वापरायला शिकलो. छिद्रं बुजण्याच्या मूळ प्रक्रियेवर काम करतं ते ॲडापॅलिन, ०.१ टक्के, रात्री लावायचं. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ते वापरू नका.

ॲडापॅलिन नेमकं पुळीवर ठिपका देऊन लावलं जातं, तिथेच गणित चुकतं. जी पुळी दिसते तिची वेळ होऊन गेली. औषध हवंय ते अजून न दिसणाऱ्यांना. म्हणून तोंड पूर्ण कोरडं झाल्यावर मटाराच्या दाण्याएवढं घ्या आणि जिथे जिथे मुरूम येतात त्या सगळ्या भागावर पातळ पसरवा. डोळे, ओठ, नाकपुड्यांच्या कडा सोडा. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड.

पहिल्या काही आठवड्यांत कातडी सुटते, कधी पुळ्या वाढल्यासारख्याही वाटतात. इथेच माणसं कंटाळून दुसरी ट्यूब आणतात. तसं करू नका. ट्यूब उघडाल त्या दिवशी मार्करने तिच्यावर तारीख लिहा आणि बारा आठवड्यांनंतरची तारीख तिच्याखाली. दर पंधरा दिवसांनी एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी फोटो काढा. रोजच्या आरशात काहीच कळत नाही.

पायरी ४ : तेलकट चेहऱ्यालाही मॉइश्चरायझर लावा. औषधाने त्वचा कोरडी पडतेच. डब्यावर 'नॉन-कॉमेडोजेनिक' (म्हणजे छिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं हलकं मॉइश्चरायझर बघा. सकाळी ३० किंवा त्यावरचं एसपीएफ असलेलं सनस्क्रीन. उन्हाने मुरूम वाळतात ही समजूत डाग गडद करून जाते. कपाळावरच पुळ्या येत असतील तर आधी केसांचं तेल कपाळावर उतरतंय का ते पाहा. आणि पुळी फोडू नका. हे सगळ्यांना माहीत असतं, ऐकत कोणी नाही.

खाण्याचं काय? १९६९ साली अमेरिकेत ६५ जणांना चार आठवडे चॉकलेटची वडी आणि चार आठवडे चॉकलेट नसलेली वडी देऊन पाहिलं. फरक दिसला नाही, आणि मुरुमांचा खाण्याशी संबंध नाही हे पक्कं समजलं गेलं. पण दुसऱ्या वडीतही स्निग्धांश आणि साखर भरपूर होती, आणि चार आठवड्यांत तर पुळी पुरती तयारही होत नाही! २००७ साली ऑस्ट्रेलियात तरुण मुलांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. त्यात रक्तातली साखर झपाट्याने न वाढवणारा आहार घेणाऱ्यांचे मुरूम जास्त कमी झाले. तेव्हा साखर आटोक्यात ठेवून बघायला हरकत नाही, पण पथ्याच्या भरवशावर औषध सोडू नका.

पायरी ५ : झटपट गोरं करणारी क्रीम ओळखा. तीन दिवसांत चेहरा उजळवणाऱ्या क्रीममध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं वेष्टनावर शोधा. सुरुवातीला लाली जाते म्हणून ती आवडते. पुढे त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात आणि क्रीम थांबवली की मुरूम उसळून येतात. महिनोन्‌महिने वापरली असेल तर मनानेच एकदम बंद करण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

खोल, दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडत असतील, मुरुमांसोबत पाळी अनियमित असेल किंवा ट्यूबवरची दुसरी तारीख उलटूनही फरक नसेल, तर त्यांच्याकडेच जा. जाताना तोंडाला लावत असलेलं सगळं एका पिशवीत घालून न्या, मैत्रिणीने दिलेली बिनलेबलाची डबीसुद्धा.