जुन्या लढाऊ विमानात बसायचंय? स्पिटफायरचं बुकिंग करण्याआधी हे वाचा

माझ्या बाबांनी नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत, आख्खी नोकरी केली, मिग-२१ पासून सुखोईपर्यंत कितीतरी विमानं त्यांच्या हाताखालून गेली, पण लढाऊ विमानात बसून वर जायचं काही त्यांच्या वाट्याला आलं नाही. मी इंग्लंडला आलो आणि इथे दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरमध्ये पैसे भरून बसता येतं हे कळलं तेव्हाच ठरवलं, बाबांच्या सत्तरीला हेच. ते सगळं जुळवताना जे शोधावं लागलं, जिथे चुकलो, ते सगळं इथे लिहितोय, कारण मराठीत याबद्दल मला तेव्हा काहीच सापडलं नव्हतं.

आधी भारताचं सांगतो, कारण पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात. आपल्या हवाई दलाची व्हिंटेज फ्लाइट आहे, म्हणजे जुनी विमानं उडती ठेवणारी तुकडी, त्यात टायगर मॉथ आणि हार्वर्ड ही शिकवायची विमानं आणि डाकोटा हे वाहतुकीचं विमान आहे. तो डाकोटा म्हणजे व्हीपी ९०५ 'परशुराम'. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला आपलं सैन्य उतरवणाऱ्या डाकोटाचा नंबर त्याला दिलाय. पण ही विमानं दाखवण्यासाठी उडवतात, तिकीट काढून बसण्यासाठी नाहीत. हवाई दल दिनाच्या संचलनात ती दिसली की डोळे भरून बघायची आणि पालमच्या हवाई दल संग्रहालयात आपली स्पिटफायर उभी आहे ती जवळून बघायची, इथपर्यंतच. बसायचंच असेल तर मुख्यतः ब्रिटन नाहीतर अमेरिका.

ब्रिटनमध्ये स्पिटफायरसाठी चार जागा लक्षात ठेवा. लंडनच्या दक्षिणेला बिगिन हिल, केंटमधलं हेडकॉर्न, केंब्रिजजवळचं डक्सफर्ड आणि चिचेस्टरजवळचं गुडवुड. बिगिन हिल हा १९४० च्या बॅटल ऑफ ब्रिटनमधला, म्हणजे जर्मन हवाई दलाशी झालेल्या हवाई लढाईतला, मोठा तळ. डक्सफर्डला १९३८ च्या ऑगस्टमध्ये १९ नंबरच्या स्क्वाड्रनला पहिल्या स्पिटफायर मिळाल्या. गुडवुड म्हणजे तेव्हाचं वेस्टहॅम्पनेट, दोन्ही पाय गमावलेला प्रसिद्ध ब्रिटिश पायलट डग्लस बेडर ९ ऑगस्ट १९४१ ला शेवटच्या मोहिमेवर इथूनच उडाला आणि फ्रान्समध्ये पकडला गेला. त्यामुळे नुसतं भाडं बघून जागा निवडू नका, खाली काय दिसणार तेही बघा, केंटकडून लांबची राईड घेतली तर डोव्हरचे पांढरे कडे, गुडवुडहून समुद्र आणि आईल ऑफ वाइट.

आता विमान कुठलं. स्पिटफायर मुळात एका माणसाचं विमान, दोन सीटची ही नंतरची सोय. युद्ध संपल्यावर थोड्या मार्क ९ (नववी आवृत्ती) स्पिटफायरना मागे दुसरा कॉकपिट बसवून ट्रेनर, म्हणजे शिकवायचं विमान, केलं, आणि गंमत बघा, त्यातल्या १० आपल्या हवाई दलाने १९४८ च्या सुमारास घेतल्या होत्या! बाबांना हे सांगितलं तर ते पाच मिनिटं गप्पच बसले. आज राईडला वापरतात त्यातली काही विमानं मूळची ट्रेनर आहेत, काही एका सीटची होती ती नंतर बदलून घेतलीत, म्हणून बुक करताना विमानाचा सिरियल नंबर विचारा आणि त्याचा इतिहास वाचून जा. ज्या विमानात बसणार त्याचा पायलट कोण होता, ते कुठे लढलं हे माहीत असलं की राईडला वेगळाच अर्थ येतो.

पैसे मात्र बरेच लागतात. अर्ध्या तासाला साधारण अडीच-तीन हजार पाउंड धरून चाला, म्हणजे रुपयात तीन लाखांच्या आसपास किंवा वर. एवढे नसतील तर हिरमुसू नका, मी तर म्हणेन पहिल्यांदा टायगर मॉथच घ्या. १९३१ चं डिझाइन, १३० हॉर्सपॉवरचं इंजिन, उघडा कॉकपिट, पुढच्या सीटवर तुम्ही आणि मागे पायलट, तारांमधून वारा वाजत असतो आणि भाडं स्पिटफायरच्या पुढे अगदी थोडं. दोन्हींच्या मधलं हार्वर्ड, मोठं गोल रेडियल इंजिन, आवाज प्रचंड, आणि स्पिटफायरवर जाण्याआधी तेव्हाचे बरेच पायलट यावर शिकायचे. आपल्याकडच्याही कितीतरी पायलटांचे हात या दोन विमानांवर बसलेत. आणखी एक पर्याय म्हणजे दुसऱ्या साध्या विमानात किंवा हेलिकॉप्टरमध्ये बसायचं आणि स्पिटफायर तुमच्या पंखाशेजारून उडते. हे खूप स्वस्त पडतं आणि खरं सांगायचं तर स्पिटफायर सगळ्यात सुंदर दिसते ती बाहेरूनच, आत बसलात तर तिचे ते लंबगोल पंख पूर्ण दिसतच नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे सोडून पुढे जाऊ नका. ही विमानं एअरलाइनच्या विमानासारख्या प्रमाणपत्रावर उडत नाहीत, 'परमिट टू फ्लाय' नावाच्या वेगळ्या परवान्यावर उडतात. ब्रिटनच्या सीएएची, म्हणजे तिथल्या नागरी विमान नियामक संस्थेची, एसएसएसी नावाची पद्धत आहे, तिचा सरळ अर्थ असा की कंपनीने तुम्हाला धोका स्पष्ट सांगायचा, हे विमान प्रवासी विमानाइतकं सुरक्षित नाही हे लेखी कळवायचं, आणि तुम्ही ते वाचून, समजून सही करायची. बरेच जण ही सही हॉटेलच्या रजिस्टरवर करतात तशी करून मोकळे होतात. असं करू नका, घरी बसून वाचा, बायकोला नवऱ्याला मुलांना वाचायला द्या, आईवडिलांसाठी घेत असाल तर त्यांना मराठीत समजावून सांगा आणि मग ठरवा. मी बाबांना एकेक ओळ वाचून दाखवली होती.

धोका खरा आहे. ४ ऑगस्ट २०१८ ला स्वित्झर्लंडमध्ये युंकर्स ५२ हे जुनं जर्मन विमान डोंगरात पडलं, २० जण गेले, सगळे. २ ऑक्टोबर २०१९ ला अमेरिकेत कनेटिकटमध्ये बी-१७ बॉम्बर उड्डाणानंतर लगेच परत फिरलं आणि उतरताना कोसळलं, सात जण गेले, त्यात पैसे भरून बसलेले प्रवासीही होते. त्यानंतर तिथल्या एफएएने (अमेरिकेची विमान नियामक संस्था) ते विमान चालवणाऱ्या संस्थेची प्रवासी नेण्याची परवानगी काढून घेतली. ही दोन्ही विमानं नावाजलेल्या लोकांची होती, म्हणजे नाव मोठं आहे म्हणून डोळे झाकायचे नाहीत.

मग विचारायचं काय? फोन करा, ईमेलपेक्षा फोनवर माणूस कळतो. पायलटचे या प्रकारच्या विमानावरचे तास किती आहेत ते विचारा, एकूण तास सगळेच सांगतात पण शेपटीला चाक असलेल्या जुन्या विमानावरचे तास वेगळे असतात. देखभाल कोण करतं, स्वतःचे इंजिनिअर की बाहेरचे. प्रवाशाला पॅराशूट देता का, आणि त्याचं प्रशिक्षण किती वेळ देता. तुमची एसएसएसी परवानगी या विमानासाठी आहे ना. वारा किती असला की उड्डाण रद्द करता. शेवटचा प्रश्न मला फार आवडतो कारण चांगला ऑपरेटर लगेच आकडा सांगतो आणि वर कारणही सांगतो, स्पिटफायरची चाकं जवळजवळ असतात त्यामुळे आडव्या वाऱ्यात जमिनीवर तिला सांभाळणं अवघड जातं. जो 'काळजी करू नका, सगळं होऊन जाईल' म्हणतो त्याच्याकडे जाऊ नका.

विम्याचं आपले लोक हमखास विसरतात. भारतातली टर्म पॉलिसी असेल तर तिच्या अपघाती मृत्यूच्या रायडरमध्ये बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की नेहमीच्या परवानाधारक प्रवासी विमानातला प्रवासी सोडून बाकी कुठल्याही उड्डाणाला भरपाई नाही. ट्रॅव्हल इन्शुरन्सलाही तेच. जाण्याआधी कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

बुकिंगमध्ये माझी चूक झाली ती सांगतो. मी व्हाउचर घेतलं ते थेट विमानवाल्यांकडून न घेता मधल्या एका विक्रेत्याकडून, बाबा तीन आठवड्यांसाठी येणार होते, पहिली तारीख ढगांमुळे गेली, दुसरी वाऱ्यामुळे, आणि तिसरी मागितली तर विक्रेता म्हणे विमानवाल्यांना विचारा आणि विमानवाले म्हणे विक्रेत्याला विचारा. बाबा परत गेले, व्हाउचरची मुदत संपली, पैसे परत मिळाले नाहीत. पुढच्या वर्षी दुसरीकडे थेट बुकिंग केलं, मे महिन्यात, बाबा आल्याच्या तिसऱ्याच दिवसाचं, म्हणजे रद्द झालं तरी हाताशी दोनेक आठवडे होते. तुम्हीही असंच करा. भारतातून कोणी येणार असेल तर राईड सहलीच्या शेवटी ठेवू नका, सुरुवातीला ठेवा. आणि हवामानामुळे रद्द झालं तर चिडू नका, तो पायलट तुमच्याच जिवासाठी नाही म्हणत असतो.

वजन आणि उंचीची मर्यादा प्रत्येक विमानाला असते, ती आधी विचारा आणि वजन खरं सांगा, तिथे काट्यावर उभं करतातच आणि त्यावर विमानाचा तोल ठरतो. हृदयाचा त्रास, कंबरेचं दुखणं, नुकतं झालेलं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारून मगच. बाबांच्या बीपीच्या गोळ्या होत्या, आम्ही डॉक्टरांचं पत्र घेतलं. चढणं-उतरणं जमतं का हे घरी बघून घ्या, पंखावर पाय टाकून वर जाऊन मग कॉकपिटमध्ये पाय आत घ्यायचा असतो, गुडघे साथ देत नसतील तर अडचण होते.

त्या दिवशी सुती किंवा लोकरी कपडे घाला, सिंथेटिक नको, आग लागली तर ते वितळून अंगाला चिकटतं. ओढणी, स्कार्फ, लांब मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या सगळं काढून ठेवा. बूट सपाट आणि बंद. चष्म्याला मागून दोरी. खिसे पूर्ण रिकामे करा, एक नाणं किंवा मोबाइल खाली पडून कंट्रोलच्या रॉडमध्ये अडकला तर विमान हातातून जाऊ शकतं, म्हणून स्वतःचा फोन न्यायचा हट्ट करू नका, आत कॅमेरे बसवलेले असतात त्याचं फुटेज घ्या. सकाळी हलकं खा, पोहे-उपमा चालेल, रिकाम्या पोटी जाऊ नका, रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते.

ब्रीफिंगला पूर्ण लक्ष द्या. अंगावर दोन पट्टे असतात, एक सीटचा आणि एक पॅराशूटचा. हवेत विमान सोडायची वेळ आली तर फक्त सीटचा सोडायचा, जमिनीवर उतरून पळायचं असेल तर दोन्ही सोडायचे. हे उलटं झालं तर काय होईल ते सांगायला नको. मी बाबांना आदल्या रात्री खुर्चीत बसवून ओढणीचे पट्टे करून दहा वेळा म्हणवून घेतलं, हवेत एक, जमिनीवर दोन. इंग्रजी पटकन कळत नसेल तर आधीच सांगा, ते हळू बोलतात, पुन्हा सांगतात, त्यात लाज कसली.

इंजिन सुरू होतं तेव्हा धुराच्या नळ्यांमधून निळा धूर आणि कधी ज्वाळा दिसतात, घाबरू नका, ते नेहमीचं आहे. २७ लिटरचं बारा सिलिंडरचं मर्लिन नावाचं इंजिन आहे ते, अख्खी सीट थरथरते. मग पायलट घाई करतो असं वाटेल, त्याचं कारण इंजिन थंड ठेवणारे रेडिएटर पंखाखाली असतात, जमिनीवर त्यांना पुरेसा वारा मिळत नाही, इंजिन तापत जातं, म्हणून उगाच थांबून चालत नाही. आणि नाक एवढं लांब आणि वर की पुढचं काही दिसत नाही, त्यामुळे टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना, विमान बाजूने पुढचं दिसावं म्हणून नागमोडी जातं.

वर गेल्यावर पायलट बहुतेकांच्या हातात कंट्रोल देतो. तो 'यू हॅव कंट्रोल' म्हणाला की 'आय हॅव कंट्रोल' म्हणायचं आणि मगच धरायचं, परत मागितलं की त्याच क्षणी सोडायचं. दोन बोटांनी धरा, नाक वर-खाली करायला इतकं हलकं आहे की घट्ट धरलं तर विमान उड्या मारतं. मळमळायला लागलं तर लाजून गप्प बसू नका, लगेच सांगा, दूर क्षितिजाकडे बघा, पायलट सरळ उडवतो. रोल (विमान हवेत पूर्ण उलटं करून पुन्हा सरळ करणं) करायचा की नाही हे तुमच्या हातात आहे, नाही म्हणालात तरी कोणी काही म्हणत नाही. बाबा दोनदा हो म्हणाले.

उतरल्यावर प्रॉपेलर पूर्ण थांबेपर्यंत पट्टा सोडू नका, इंजिनिअरने सांगितल्यावरच उठा, आणि उतरताना पंखावरच्या काळ्या पट्ट्यावरच पाय ठेवा, फ्लॅपवर (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग) नाही. घरच्यांना कुंपणाबाहेर थांबायला लागतं, त्यांना आधीच सांगून ठेवा की धावत विमानाकडे यायचं नाही. बाबा उतरले तेव्हा माझ्याशी काही बोलायच्या आधी ते वळून इंजिनिअरकडे गेले आणि त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारायला लागले, रिव्हेट कोणते वापरता, पंखाचा स्पार (आतली मुख्य तुळई) कधी तपासता, आणि तो बिचारा तेलाचे हात पुसत पुसत अर्धा तास त्यांना एकेक पॅनेल दाखवत होता. तुमच्या घरातलं कोणी विमानांवर काम केलेलं असेल तर त्यासाठी वेळ ठेवा, परतीची ट्रेन लगेचची काढू नका.