जुना स्कोप बिघडलाय वाटतं? नवा मागवायच्या आधी या चुका टाळा

मागच्या दिवाळीत मामाची जुनी स्प्रिंगवाली एअर रायफल माळ्यावरून काढली, वर ३-९ बाय ४० चा स्कोप (नेम धरायची दुर्बीण, तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४० मिलिमीटर). घरामागच्या परड्यात मातीचा बांध आहे, त्याला टेकवून २५ मीटरवर कागद लावला आणि पाच छर्रे मारले तर पाचही पाच दिशांना. मी लगेच जाहीर केलं स्कोप गेला म्हणून, आणि त्याच रात्री नवा ऑर्डर पण केला. तो आला, बसवला, तरी तेच. मग मामा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "अरे, दस्त्याचे स्क्रू बघितलेस का?" पुढचे दोन्ही स्क्रू नुसत्या बोटानं फिरत होते.

तर सगळ्यात महागात पडणारी चूक ही. स्प्रिंगवाली रायफल एका छऱ्यात दोन झटके देते, पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते आणि तो टोकाला जाऊन आदळला की पुढे जाते, आणि या मागेपुढेमध्ये दस्त्याचे स्क्रू ढिले होतात, माउंट (स्कोप रायफलला धरून ठेवणारा जोड) पण रेलवर, म्हणजे रायफलच्या माथ्यावरच्या खाचेवर, हळूहळू मागे सरकतो. माउंटच्या मागच्या कडेला लागून रेलवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. वीस-पंचवीस छऱ्यांनी माउंट त्या रेघेवर चढलेला दिसला तर स्कोपला शिव्या घालू नका. मात्र स्कोपला वेढणाऱ्या रिंगचे स्क्रू जीव खाऊन आवळायचे नाहीत, स्कोपची नळी चेपते आणि आतली यंत्रणा अडकते, मग तो स्कोप खरंच गेला.

दुसरं म्हणजे "धूसर दिसतंय". यात तीन वेगळी दुखणी आहेत आणि लोक सगळी एकाच पोत्यात भरतात. क्रॉसहेअरच (आतली नेमाची फुली) पुसट दिसत असेल तर डोळ्याकडची रिंग फिरवा, पांढऱ्या भिंतीकडे बघत (सूर्याकडे चुकूनही नाही!). क्रॉसहेअर स्वच्छ पण दहा मीटरवरचा कागद धूसर, तर बहुतेक तो मोठ्या रायफलसाठीचा स्कोप आहे, त्याचा पॅरलॅक्स (चित्र आणि क्रॉसहेअर कुठल्या अंतरावर नीट जुळतात ते) शंभर यार्डाच्या आसपास पक्का केलेला असतो. बिघाड नाहीये, जोडी चुकली. आणि काच बाहेरून पुसूनही वाफ जात नसेल तर सील गेलंय, आत दमट हवा शिरलीय.

इथे पुढची चूक होते, आणि ही मी स्वतः केलीय, ऐन जूनमध्ये, दुसऱ्या एका स्कोपवर. पुढची काच धरणारी रिंग उघडली, काच पुसली, परत लावली, वर तांदळाच्या डब्यात ठेवला चार दिवस. आत नायट्रोजन भरलेला असतो, तो उघडल्या उघडल्या गेला आणि कोकणातली जूनची हवा आत बंद झाली. गणपतीपर्यंत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी! बुरशी बघायची तर पुढून टॉर्च मारून मागून बघा. कॅमेरा लेन्स रिपेअर करणारा ती साफ करून देईलही, पण परत गॅस भरायची सोय त्याच्याकडे आहे का ते आधी विचारा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात परत तेच रडगाणं. आणि जुनी बुरशी कोटिंग खाऊन गेलेली असेल तर ते परत येत नाही.

बाकी सगळं घट्ट असूनही ग्रुप (छऱ्यांच्या भोकांचा पुंजका) फिरतोय? मग बॉक्स टेस्ट. तीन छर्रे मारा, टरेट (नेम सरकवायची स्कोपवरची फिरकी) ४० क्लिक उजवीकडे करून तीन, ४० वर, ४० डावीकडे, ४० खाली, दर वेळी तीन-तीन, आणि नेम कायम त्याच ठिपक्यावर. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक असेल तर २५ मीटरवर चौकोनाची बाजू साधारण सात सेंटीमीटर यायला पाहिजे आणि शेवटचे छर्रे पहिल्या भोकांवर. चौकोन वाकडा आला तर टरेट अगदी टोकाला नाही ना ते बघा, तिथे आतल्या स्प्रिंगचा दाब कमी पडतो. मोडून भरायच्या रायफलींची नळी बऱ्याचदा किंचित खाली झुकलेली असते म्हणून लोक वर-वर क्लिक करत टोक गाठतात, त्याला झुकाव भरून काढणारा माउंट लागतो, नवा स्कोप नाही. टरेट मधोमध असूनही चौकोन वाकडा, किंवा हलवल्यावर आत काही खुळखुळतंय, तर मात्र निरोप द्या.

रिपेअरचं माझं गणित सरळ आहे, रायफलसोबत फुकट आलेल्या ४ बाय २० वर एक रुपया घालू नये. जुना दमदार जर्मन स्कोप असेल किंवा कंपनीची आजन्म गॅरंटी असेल तर जरूर पाठवा, फक्त ती दुसऱ्या मालकालाही लागू आहे का आणि जाण्यायेण्याचं कुरिअर, कस्टम कोण भरणार ते आधी लेखी विचारा. (तसंही स्कोप नसला म्हणून नेम अडत नाही, नेमबाज स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं, त्या स्पर्धेत दुर्बिणीला परवानगीच नसते.)

नवा घेतलाच तर डब्यावर एअरगनसाठी चालतो असं लिहिलंय का बघा. शक्तिशाली बंदुकीवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोप स्प्रिंगवाल्या रायफलवर महिन्यात ढिला पडू शकतो, कारण पुढच्या दिशेचा झटका सोसायला तो बनवलेलाच नसतो. आणि जुन्या ४ बाय २० ची नळी एक इंचापेक्षा बारीक असते, त्यामुळे जुन्या रिंगा नव्या स्कोपला बसणार नाहीत, त्यांचे पैसे वेगळे धरा. मामाच्या रायफलवर आता परत जुनाच स्कोप आहे, माझा नवा खोक्यात पडलाय, कोणाला पाहिजे असेल तर सांगा.