वाईन शॉपमधून बाटली निवडताना

कोल्हापुरात शाहूपुरी असो, राजारामपुरी असो वा लक्ष्मीपुरी, संध्याकाळी सातनंतर वाईन शॉपच्या काउंटरसमोर जी दाटी होते, तीत उभे राहून विचारपूर्वक निवड करणे कठीण असते. मागच्याचा हात आपल्या खांद्यावरून पुढे येत असतो आणि विक्रेत्याला केवळ ब्रँड आणि माप एवढेच ऐकायचे असते. ज्याला चार प्रश्न विचारून, बाटली हातात घेऊन, लेबल वाचून खरेदी करायची आहे त्याने दुपारी जावे. त्या वेळी काउंटरवरच्या माणसालाही बोलायला सवड असते.

कोणत्या दुकानात काय मिळते हे आधी माहीत असावे. बिअर शॉपीत बिअर आणि वाईन मिळते, व्हिस्की किंवा रम मिळत नाही. देशी दारूचे दुकान वेगळे. देशी सोडून बाकी सारे वाईन शॉपमध्ये मिळते. तेथून बाटली सीलबंदच न्यायची असते, बसून प्यायचे असेल तर परमिट रूम गाठावी लागते. राज्यात बिअर व वाईनसाठी वयाची अट २१ वर्षांची, तर कडक मद्यासाठी २५ वर्षांची आहे, म्हणून तरुण दिसणाऱ्याने ओळखपत्र जवळ ठेवावे. मद्य बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो हे बहुतेकांच्या गावीही नसते. एका दिवसाचा परवाना दुकानातूनच मागून घेता येतो.

माप मागताना खंबा म्हणजे ७५०, हाफ म्हणजे ३७५ आणि क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. नवा ब्रँड चाखून पाहायचा असेल तर क्वार्टरच घ्यावी. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे देऊ नयेत. ‘थंड बाटलीचे वेगळे’ ही मागणी नियमात बसत नाही, आणि बिल मागितले की ती सहसा मागे पडते.

लेबलवर सर्वांत आधी मद्यार्काचे प्रमाण पाहावे. भारतीय बनावटीच्या बहुतेक व्हिस्की, रम आणि ब्रँडीवर ते ४२.८ टक्के असते. बिअरमध्ये मात्र मोठा फरक पडतो : माइल्ड बिअर पाच टक्क्यांपर्यंत, तर स्ट्राँग आठ टक्क्यांपर्यंत जाते. आठ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ५२ मिलिलिटर मद्यार्क असतो, म्हणजे जवळजवळ व्हिस्कीच्या साठ-साठ मिलिलिटरच्या दोन पेगांइतका. ‘बिअरच तर आहे’ म्हणणाऱ्याने हा हिशेब अवश्य करावा. बिअर घेताना उत्पादनाची तारीखही पाहावी आणि उन्हात मांडलेल्या क्रेटमधली बाटली नाकारावी, कारण उष्णता आणि प्रकाश यांनी तिची चव बिघडते.

विक्री कोणत्या राज्यासाठी आहे हेही लेबलवर लिहिलेले असते. आजरा-आंबोलीमार्गे गोव्याहून येणारी स्वस्त बाटली कोल्हापूरकरांना नेहमीच खुणावते; तथापि गोव्यातील विक्रीसाठी बनलेले मद्य महाराष्ट्रात विकता येत नाही आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग त्या रस्त्यांवर तपासणी करीत असतो. कोणी ‘गोव्याचा माल’ घरपोच देऊ करीत असेल तर तो घेऊ नये : बाटली खरी असेलच याची खात्री नसते.

वाईनची निवड जेवण पाहून करावी, आणि येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. तांबड्या रश्श्याबरोबर जड, तुरट लाल वाईन घेण्याचा मोह होतो, परंतु तुरटपणा आणि जास्त मद्यार्क यांनी तिखटाची आग वाढते. त्यापेक्षा नाशिकची, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन चांगली थंड करून घ्यावी; पांढऱ्या रश्श्यालाही ती शोभते. मिरची बेताची असलेल्या सुक्या मटणाला शिराज ही लाल वाईन चालते, मात्र एप्रिल-मेमध्ये तीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडावी. साध्या पांढऱ्या वाईनच्या वर्षाकडे लक्ष द्यावे. फळीवर चार वर्षे धूळ खात पडलेली बाटली ‘जुनी म्हणून उत्तम’ नसते. लाकडी बुचाची बाटली घरी आडवी ठेवावी, फिरकीच्या झाकणाला ते बंधन नाही. उघडलेली वाईन झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली तरी तीन-चार दिवसांत संपवावी.

पाहुणे येणार असतील तर खरेदी दोन दिवस आधी करावी. २ ऑक्टोबरसारखे ठरलेले ड्राय डे कॅलेंडरवर शोधता येतात, पण निवडणुकीत मतदान संपेपर्यंतचे ४८ तास आणि गणेश विसर्जनाच्या काळात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने होणारी बंदी यांसाठी स्थानिक वृत्तपत्रच पाहावे लागते.