मेटमधलं इजिप्तचं देऊळ बघायला जाताय? या चुका टाळा

भारतातून पाहुणे आले की न्यूजर्सीतली आम्ही मंडळी त्यांना न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये, म्हणजे ‘मेट’मध्ये, नेतोच. तिथलं देंदूरचं देऊळ मी काका, आत्या, भाचरं अशा सगळ्यांबरोबर बघितलंय. दरवेळी चुका त्याच होतात. पहिल्या काही माझ्याच.

सगळ्यात साधी चूक वाराची. मेट बुधवारी बंद असतं. दुसरी तिकिटाची. ‘हवे तेवढे द्या’ ही सवलत न्यूयॉर्क राज्यातल्या रहिवाशांना आहे. न्यूजर्सीकरांपैकी फक्त विद्यार्थ्यांना, तेही ओळखपत्र दाखवून.

आत शिरल्यावर उजवीकडे वळलं की समोर दगडी भिंत आणि अरुंद दार दिसतं. पाहुणे तिथेच फोटो काढायला लागतात, “हेच ना ते देऊळ?” म्हणत. ही पेर्नेब नावाच्या दरबारी माणसाची कबर आहे, इजिप्तमधल्या सक्कारा इथली, इसवी सनापूर्वी २३५०च्या आसपासची. देऊळ पार पुढे, काचेच्या भल्यामोठ्या दालनात. ते इ.स.पू. १५च्या सुमाराचं, म्हणजे रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळातलं. दोन्हींत जवळपास २३०० वर्षांचं अंतर. थोडक्यात, हे देऊळ बांधणारे पेर्नेबपेक्षा आपल्याला जवळचे. ‘प्राचीन इजिप्त’ असं एकच गाठोडं बांधलं की इथे हमखास गोंधळ होतो.

भिंतीवर मुकुट घातलेला फारो, म्हणजे इजिप्तचा राजा, देवांना नैवेद्य दाखवताना दिसतो. तो ऑगस्टसच. पोशाख इजिप्शियन, माणूस रोमचा. इजिप्तची मालकी रोमकडे गेली तरी कोरणाऱ्यांनी जुनीच रीत चालू ठेवली. देवळात मान आयसिस देवीचा आणि पेदेसी व पिहोर या दोन भावांचा. ते एका स्थानिक नूबियन (नूबिया म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेचा मुलूख) सरदाराचे मुलगे, मरणोत्तर देवपदाला पोचलेले. आपल्याकडच्या वीरगळांची सवय असलेल्याला यात फारसं नवल वाटणार नाही.

पण ‘देऊळ’ म्हटल्यावर आपल्या डोक्यात दर्शनाची रांग येते, तिथे घसरायला होतं. इजिप्तच्या देवळात गाभाऱ्यापर्यंत फक्त पुजारी जायचे. गर्दीसाठी ते बांधलेलंच नव्हतं, म्हणून आतली जागा चिंचोळी वाटते. आत घुसायची घाई करू नका. आधी बाहेरच्या भिंतीच्या तळाशी वाका. तिथे पपायरस (पाण्यात वाढणारी लव्हाळ्यासारखी वनस्पती) आणि कमळं कोरलीत, जणू नाईलच्या पाण्यातूनच देऊळ उगवलंय. मग दारावर बघा, पंख पसरलेला सूर्य. खाली पाणी, वर आभाळ.

“रंग का नाहीत?” हा भाच्याचा प्रश्न. होते. नाईलवरचं अस्वानचं जुनं धरण १९०२मध्ये झालं, पुढे त्याची उंचीही वाढवली, आणि देऊळ वर्षातले बरेच महिने पाण्याखाली जायला लागलं. रंग धुऊन गेले. उजनीत पाणी उतरलं की वर येणारं पळसदेवचं देऊळ ज्यांनी बघितलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आत्याचा प्रश्न वेगळा: “हेही ढापलेलंच ना?” नाही. अस्वानचं नवं मोठं धरण होणार म्हणून १९६०मध्ये युनेस्कोनं मदतीची हाक दिली. मदत करणाऱ्या देशांना इजिप्तनं काही देवळं भेट दिली. देबोद माद्रिदला गेलं, ताफे लायडेनला, एलेसिया तुरिनला. देंदूर १९६५मध्ये अमेरिकेला मिळालं, ६६१ खोक्यांत भरून आलं, आणि १९७८मध्ये लोकांसाठी खुलं झालं. म्हणून सगळंच भेटीदाखल आलं असंही समजू नका. लंडनमधला रोझेटा शिलालेख, तोही इजिप्तचाच, इंग्रजांनी हरलेल्या फ्रेंचांकडून घेतला आणि १८०२मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवला. वस्तुगणिक गोष्ट बदलते. लेबलावरची शेवटची बारीक ओळ वाचायची सवय लावा. वस्तू कुठून, कशी, कधी आली हे बहुतेक वेळा तिथेच असतं.

पोरं सोबत असतील तर मेटमधली इजिप्तचीच एक छोटी मूर्ती, निळा पाणघोडा, चुकवू नका. त्याला लाडानं ‘विल्यम’ म्हणतात. “चिनी मातीचा आहे” असं सांगून मोकळे होऊ नका, मी झालो होतो. तो फायान्सचा आहे, म्हणजे मुख्यतः दळलेल्या गारगोटीचा, वर चकाकी चढवलेला. अंगावर कमळं रंगवलीत. आणि पायांकडे बघा: चारपैकी तीन नंतर जोडलेले आहेत. मेलेल्या माणसाला पाणघोड्यानं परलोकात त्रास देऊ नये म्हणून मूळचे पाय मुद्दाम तोडलेले असावेत, असं मानतात.

निघण्याआधी देवळाच्या भिंतीवर कुणी खरवडलेली नावं शोधा. ‘लिओनार्दो १८२०’ ठळक दिसतं. सिंहगडावर नावं कोरणाऱ्यांना शिव्या घालणारे माझे काका त्याच नावासमोर पाच मिनिटं उभे होते, आणि मग मला म्हणाले, “याचा फोटो काढ रे.”