इजिप्तचं कारकदे घरी करताना

कारकदे म्हणजे सुक्या लाल फुलांचं आंबट सरबत. इजिप्तला जाणारे लोक तिथल्या अस्वान शहराच्या बाजारातून कारकदेची ही फुलं हमखास आणतात, पण आणताना चुरा झालेली स्वस्त पाकिटं नका घेऊ, अख्ख्या गडद मरून पाकळ्या बघून घ्या. चुऱ्यात धूळ, काड्या बऱ्याच असतात आणि तो नीट गाळलाही जात नाही.

आता महत्त्वाचं. आपण सवयीने चहासारखं उकळत बसतो आणि मग सरबत तुरट होतं. थंड प्यायचं असेल तर उकळूच नका, एक मूठभर फुलं पटकन धुवून 1 लिटर गार पाण्यात काचेच्या बरणीत रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी गाळून साखर घाला, रंग इतका सुंदर येतो की बघतच राहावं! साखर गार पाण्यात लवकर विरघळत नाही म्हणून पाक करून घातला तर उत्तम. अॅल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, कारकदे फार आंबट असतं. थंडीत तिकडे गरमही पितात, तेव्हा 5 मिनिटं उकळलं तरी पुरे.

फुलं नाही मिळाली तर आपल्याकडची लाल अंबाडीची सुकवलेली बोंडं वापरा, झाड तेच आहे, विदर्भात तर त्याचं सरबत करतातच.

आणि हो, कारकदेने बीपी थोडं उतरतं, त्यामुळे घरात कुणाला बीपीची गोळी चालू असेल तर रोज द्यायच्या आधी डॉक्टरांना नक्की विचारा.