टायर नेमके कशामुळे झिजत होते?
माझ्या मोटारीच्या पुढच्या डाव्या टायरची आतली कड झपाट्याने झिजू लागली, तेव्हा एका मेकॅनिकने शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलण्यास सांगितले, तर दुसऱ्याच्या मते केवळ अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणे, पुरेसे होते. शॉक निकामी असते तर टायरवर सहसा जागोजागी खळगे पडले असते. येथे मात्र हात आडवा फिरवल्यावर करवतीच्या दात्यांसारखी धार लागत होती, आणि ते टो, म्हणजे वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन, बिघडल्याचे लक्षण आहे. म्हणून मी चाक जॅकवर उचलून, घड्याळातील ३ आणि ९ च्या जागी धरून हलवून पाहण्याचा आग्रह धरला; तेव्हा टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा, सैल निघाला. ही साधी तपासणी दोघांनीही आधीच करायला हवी होती, असे मला मनापासून वाटते. तो सांधा बदलल्यानंतरच अलाइनमेंट करून घेतले, कारण सैल भागावर केलेले माप टिकत नाही.